मे महिन्यातलं व्हायोलिन

श्रोतेहो, नमस्कार. कीर्तनाच्या साथीला, नाट्यगीताच्या मागे आपण व्हायोलिन ऐकत आलो आहोत. नाव मात्र इटलीचं. तिथल्या 'व्हायोला' या वाद्याचं धाकटं रूप ते 'व्हायोलिनो', आणि तेच पुढे आपलं व्हायोलिन. सोळाव्या शतकात क्रेमोनाच्या आंद्रेया आमातीने त्याला आजचा घाट दिला. कर्नाटक संगीतात ते बाळुस्वामी दीक्षितारांनी रुजवलं. आपल्या हिंदुस्थानी संगीतात गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम यांनी त्याला गायला लावलं. सतारीसारखे पडदे नाहीत, म्हणून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, अखंड निघते. पडदे नाहीत, म्हणून सगळी भिस्त कानावर. हल्ली मुलांच्या व्हायोलिनवर बोटांच्या जागी रंगीत पट्ट्या चिकटवतात. मला ते मुळीच पटत नाही. पट्टी बघून बोट पडायला लागलं की कान आळसावतो.

असो. आमचे गुरुजी नागपूरच्या महाल भागात राहायचे. मे महिना, पारा ४५ अंशांवर, आणि संध्याकाळी धंतोलीत कार्यक्रम. दुपारी पेटी उघडली, तर कोरड्या हवेने लाकूड आक्रसून चारही खुंट्या सुटलेल्या, तारा लोळतायत. वाद्य उचललं, आणि आत काहीतरी टक्कन घरंगळलं. साउंड पोस्ट! तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या एका पायाजवळ, वाद्याच्या पोटात, हा बारीकसा लाकडी खांब असतो. डिंक नाही, खिळा नाही, नुसत्या दाबावर उभा. चारही तारा सैल झाल्या, दाब गेला, खांब आडवा. तो नसला की आवाज पोकळ येतो.

गुरुजी मला म्हणाले, "बाबू, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून एक स्पोक आण. लवकर येजो."

स्पोकचं टोक त्यांनी कानशीने घासलं, पकडीने दोन्हीकडून वाकवलं. खांब बाहेर काढून टोकावर खोचला आणि वाद्याच्या नक्षीदार फटीतून आत घातला. काकू दुसऱ्या फटीतून टॉर्च मारतायत. कूलर बंद, कारण त्याच्या खडखडाटात आतली चाहूल ऐकू येईना. घाम आत पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधलेला. खांब उभा राहायचा, निसटायचा, पुन्हा बाहेर. शेवटी धरला! मग खुंट्यांना खडू चोळून तारा हळूहळू, आळीपाळीने चढवल्या. संध्याकाळी पूरिया धनाश्री असा वाजला, की मागच्या रांगेतून दाद आली. माईक बेताचाच होता. हल्ली सभागृहात भोंग्यागत आवाज सोडतात, तारांवर फिरणाऱ्या गजाची घासही ऐकू येत नाही.

तर घरी व्हायोलिन असेल त्यांनी ऐका. तार बदलायची तर एकेक बदला. पुन्हा सांगतो, एकेक. चारही एकदम सोडू नका. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घालून ती पेटीत ठेवा. आणि पेटी कूलरच्या झोतात नको. तिथे खुंट्या फुगून अडकतात, मग फिरवताना मोडतात.