लिक्विड क्रिस्टलचं रबर: आडवं ताणा, ते जवळपास विरोधच करत नाही!

नमस्कार! सांगलीत गळीत हंगाम सुरू आहे, त्यामुळे मागून ट्रॅक्टरचे आवाज येत राहतील. (रस्त्याकडे हात करत) त्या ट्रॉलीतला ऊस बघा. सगळा एकाच दिशेनं रचलाय, पण बुडखे एका रेषेत नाहीत. कुणी पुढं, कुणी मागं. लिक्विड क्रिस्टल म्हणजे द्रवासारखा वाहणारा, पण रेणूंना शिस्त असलेला पदार्थ. त्याच्या नेमॅटिक नावाच्या प्रकारातले काडीसारखे रेणू असेच असतात. दिशा ठरलेली, जागा मोकळी.

आता हे रेणू रबराच्या लांब साखळ्यांना जोडले तर? साध्या रबरात साखळ्या गोळा होऊन बसतात. इथं काड्यांच्या दिशेनं त्या लांबट होतात. अशा रबराची पातळ फिल्म तापवली की काड्यांची शिस्त मोडते, साखळ्या पुन्हा गोलसर होतात आणि अख्खी फिल्म आखडते. थंड केली की परत लांब! १९७५ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी अशा रबराची कल्पना मांडली, आणि पुढं त्यांनीच यातून कृत्रिम स्नायूची. १९८१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फिंकेलमान यांच्या गटानं असं रबर बनवलं.

पण नुसतं बनवलं की फिल्म दुधाळ दिसते. कारण आत बारीक बारीक भाग असतात आणि प्रत्येकाची दिशा वेगळी, त्यामुळे प्रकाश विखुरतो. १९९१ मध्ये क्युप्फर आणि फिंकेलमान यांनी साखळ्यांची जोडणी आधी अर्धवट केली, फिल्म ताणून धरली आणि मग उरलेली जोडणी पुरी केली. दिशा कायमची ठरली, फिल्म पारदर्शक झाली.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ही फिल्म काड्यांना आडवी ताणा. साधं रबर जितकं ताणाल तितकं जास्त ओढतं, कारण साखळ्या सरळ कराव्या लागतात. इथं त्या आधीच लांबट आहेत! त्यांना फक्त वळायचंय. काड्या ओढीच्या दिशेला फिरतात, साखळ्याही फिरतात, त्यांचा आकार बदलत नाही. त्यामुळे लांबी वाढत राहते, पण जोर जवळपास वाढत नाही. सगळ्या काड्या वळून झाल्या की मगच नेहमीचं रबर जाणवायला लागतं.

लिक्विड क्रिस्टलच्या स्मेक्टिक नावाच्या दुसऱ्या प्रकारात काड्या थरांतही बसतात, आणि तिथं गोष्ट बदलते. थरांच्या पातळीत ओढलं तर फिल्म सहज ताणली जाते. थरांना काटकोनात ओढलं तर ती कित्येक पटींनी ताठ असते, कारण थरांमधलं अंतर वाढायला तयार नसतं. जास्तच ओढलं तर थर वाकतात आणि फिल्म पुन्हा दुधाळ होते. थर नेमके कसे वाकतात, ते पुढच्या व्हिडिओत चित्र काढून दाखवतो.