आभाळातला डोंबारी

श्रोतेहो, नमस्कार. दोरीवरून चालणारा डोंबारी हातातली काठी कशी डावी-उजवीकडे कलती करत तोल सावरतो, आठवतंय ना? आफ्रिकेच्या झुडपी माळावर एक गरुड अगदी तसाच उडतो. पंख किंचित वर उचललेले, फडफड जवळपास नाहीच, आणि अंग सारखं या कुशीवरून त्या कुशीवर. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे हिंडलेल्या फ्रान्स्वा लव्हायाँ या फ्रेंच पक्षी-अभ्यासकाने त्याला नाव दिलं ‘बॅटेलर’, म्हणजे कसरती करून दाखवणारा. आपल्या सर्पगरुडाचाच हा भाऊबंद.

ओळखायचा कसा? आधी शेपटी शोधा. ती सापडली नाही, तर हाच तो! उडताना पाय शेपटीच्याही मागे डोकावतात, इतकी ती आखूड. शास्त्रीय नावातही ‘बिनशेपटीचा’ असा शब्द आहे. चेहरा आणि पाय लालभडक. नर की मादी, हे मात्र पंखांखालून पाहायचं. लुगड्याचा काठ पाहावा तसा पंखाचा मागचा काठ पाहा. रुंद काळा काठ असेल तर नर, बारीक असेल तर मादी. बसलेल्या मादीच्या मिटल्या पंखावर राखाडी पट्टाही दिसतो.

आता गंमत अशी, की पिल्लाच्या बाबतीत माझा हा सल्ला साफ फसतो. पिल्लू सगळं तपकिरी, चेहरा लाल नाही आणि शेपटी चांगली लांब! दर पीसगळतीला ती आखूड होत जाते. पूर्ण रंग यायला सात-आठ वर्षं लागतात. तोवर मोठं डोकं आणि ते डुलतं उड्डाण, एवढ्यावरच भिस्त.

हा शिकार करतो, पण मेलेलं जनावरही खातो, आणि ते शोधण्यात फार तरबेज. तेच त्याच्या मुळावर येतं. कोल्ह्यांसाठी विष घालून ठेवलेल्या मांसावर हा लवकर उतरतो. त्यात मादी एका वेळी अंडं घालते एकच, म्हणून घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही. २०२० मध्ये धोक्यातल्या प्राणी-पक्ष्यांच्या जागतिक यादीत त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी झाली.

झिंबाब्वेतले शोना लोक त्याला ‘चापुंगू’ म्हणतात आणि त्याला पूर्वजांचा दूत मानतात. झिंबाब्वेच्या झेंड्यावरचा पक्षी ग्रेट झिंबाब्वे या प्राचीन दगडी शहराच्या अवशेषांत सापडलेल्या दगडी पक्ष्यांवरून घेतलेला आहे. तो चापुंगू की मत्स्यगरुड, यावर जाणकारांचा वाद अजून चालू आहे. दगडाला ना लाल चेहरा, ना पंखाचा काठ. ओळखणार कशावरून?