बोनस: बक्षीस की हक्क?

[दृश्य: लोअर परळ स्टेशनबाहेर सकाळची गर्दी. जुनी चिमणी, तिच्यामागे काचेच्या इमारती.]

एप्रिल महिना. लोअर परळच्या ऑफिसांमध्ये सध्या एकच विषय आहे, अप्रेझल. कुणाला किती टक्के, कुणाचं प्रमोशन अडकलं, व्हेरिएबल पे, म्हणजे पगारातला कामगिरीवर ठरणारा भाग, पूर्ण मिळणार की कापून. एचआरच्या प्रेझेंटेशनमध्ये हमखास एक पिरॅमिड असतो, मॅस्लोचा. तळाला भूक आणि निवारा, मग सुरक्षितता, आपलेपणा, मान, आणि टोकाला स्वतःतलं सगळं सामर्थ्य पणाला लावणं. गंमत अशी की मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लोनं १९४३ साली ज्या लेखात हा सिद्धांत मांडला, त्यात पिरॅमिडचं चित्र नव्हतंच. ते नंतर इतरांनी काढलं, आणि सिद्धांतापेक्षा चित्रच जास्त फिरलं.

माणूस मन लावून काम का करतो, यावर अमेरिकेत शंभर वर्षं डोकेफोड चालू आहे. आज ही ऑफिसं ज्या जमिनीवर उभी आहेत, तिथल्या गिरणी कामगारांनी त्यातले बरेच सिद्धांत कागदावर उतरण्याआधीच भोगले. बहुतेक वेळा बोनसवरून.

[दृश्य: गिरणीतल्या साचेखात्याची, म्हणजे विणकाम विभागाची, जुनी छायाचित्रं. यंत्रांचा आवाज.]

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांनी बक्कळ नफा कमावला. त्यातून कामगारांना सलग काही वर्षं वर्षाकाठी बोनस मिळाला. १९२३ साली धंदा बसला आणि मालकांनी हात आखडता घेतला. जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले.

मालकांना हे कळेचना. पगार तोच, कामाचे तास तेच, आपण खुशीनं देत होतो तेवढं थांबवलं, त्यात एवढं काय? मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीनंही मालकांचीच बाजू उचलून धरली. बोनसवर कामगारांचा हक्क नाही, कायद्यानं नाही आणि रिवाजानंही नाही, असा तिचा निष्कर्ष होता. संप फसला. पण चाळीतल्या खोलीत तो पैसा केव्हाच हिशेबात धरला गेला होता. वाण्याची उधारी आणि गावची मनीऑर्डर त्यावरच ठरलेली होती.

याचं शास्त्रीय स्पष्टीकरण आलं १९५९ साली. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना विचारलं की कामावर तुम्हाला फार बरं कधी वाटलं, आणि फार वाईट कधी. बरं वाटल्याच्या आठवणींत यश, शाबासकी, जबाबदारी असं निघालं. वाईट वाटल्याच्या आठवणींत कंपनीची धोरणं, साहेबाचं वागणं, पगार. हर्झबर्गचं म्हणणं असं, की पगार आणि सोयी कमी पडल्या तर माणूस चिडतो, पण पुरेशा मिळाल्या म्हणून तो हुरूपानं कामाला लागतो असं नाही. त्याच्यावर टीकाही झाली. चांगलं झालं ते माझ्यामुळे, वाईट झालं ते कंपनीमुळे, असं कुणीही सांगणारच! तरी १९२४ चा संप त्याच्या चौकटीत अगदी फिट बसतो. बोनस मिळत होता तेव्हा त्याची किंमत मालकांना दिसली नाही. बंद झाल्यावर दिसली.

पुढे १९६५ साली कायदाच आला. किमान बोनस सुरुवातीला ४ टक्के होता, पुढे तो ८.३३ टक्के झाला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, थोडक्यात एक पगार. नव्या वेतन संहितेतही तो आकडा कायम आहे.

[दृश्य: गिरणीचं बंद फाटक.]

मग दिवाळी १९८१. पुन्हा बोनसच. मान्यताप्राप्त युनियननं केलेली तडजोड कामगारांना पसंत पडली नाही आणि ते घाटकोपरला कामगार नेते दत्ता सामंतांच्या दारात गेले. सामंतांकडेच का? तर त्यांनी इंजिनिअरिंग कारखान्यांत घसघशीत वाढी मिळवून दिल्या होत्या. शेजारच्याला एवढं, मग आपल्याला का नाही? स्टेसी ॲडम्सनं १९६३ साली नेमकं हेच मांडलं होतं. माणूस स्वतःचा पगार एकटा कधी बघत नाही. आपण घातलेले कष्ट आणि पदरात पडलेलं फळ, यांची तो दुसऱ्याच्या कष्टांशी आणि फळाशी तुलना करतो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. महिने गेले, भांडी विकली गेली, कित्येक जण कोकणात नि घाटावर आपापल्या गावी परतले, तरी माघार नाही. पिरॅमिड मानायचा तर पोट रिकामं असताना मानाची गोष्ट सुचायलाच नको. त्या चित्रावर माझा विश्वास बसत नाही तो इथे.

त्या संपाची एक मागणी बदली कामगारांची होती: आम्हाला कायम करा. बदलीवाला पाळीच्या वेळी फाटकावर उभा राहायचा. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरचा रस्ता. व्हिक्टर व्रूमनं १९६४ साली याचं गणित मांडलं. मेहनत केली तर काम जमेल का, जमलं तर मोबदला मिळेल का, आणि तो मोबदला मला हवासा आहे का? तिन्हींचा गुणाकार करायचा. एक जरी शून्य निघालं, तर सगळंच शून्य. बदलीवाल्याचं दुसरं उत्तर वर्षानुवर्षं शून्याच्या आसपास असायचं, कारण नोकरी कायम होणं त्याच्या हातातल्या कसबावर ठरतच नव्हतं.

डबेवाल्यांचं उदाहरण मुद्दाम टाळलं आहे. ते कुणाचे नोकर नाहीत, आपल्या धंद्याचे मालक आहेत. त्यांच्यावरून कर्मचाऱ्यांना धडे देणारी भाषणं ऐकली की मला हसू येतं.

[दृश्य: रात्र. उपाहारगृहाबाहेर डिलिव्हरी रायडर, मोबाइलचे पडदे.]

आज त्याच रस्त्यावर रायडर उभे असतात. अमुक ऑर्डरी केल्या तर इतका इन्सेंटिव्ह, आणखी दोन केल्या तर पुढचा टप्पा. ॲपच्या लेखी ते कर्मचारी नाहीत, पार्टनर आहेत, त्यामुळे ते ८.३३ टक्के त्यांच्या वाट्याला येत नाहीत. टप्पा कधी वर सरकवायचा, हे ॲप ठरवतं. व्रूमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा समोरच्याच्या हातात. ऑर्डर तयार होईपर्यंत दोघं जण आपापले मोबाइल शेजारी धरून बघताहेत: तुझा टप्पा किती, माझा किती, आणि एरिया एकच असताना हा फरक कसा?