गणपती, आशुरा आणि एकच चांद

गणपती चवथीला बसतात, अनंत चतुर्दशीला जातात. आशुरा म्हणजे मोहरमचा दहावा दिवस. दोन्ही सण चंद्रावर चालतात, म्हणून भाद्रपद आणि मोहरम एकाच चांदाला आले की आशुरा गणपतीतच पडतो. 2018, 2019 आणि 2020 ला तसंच झालं. मुस्लिमांच्या हिजरी सालात मात्र हिंदू पंचांगासारखा अधिक महिना नाही. एकदा सुटलेला हा मेळ परत जुळायला 32-33 वर्षं जातात.

(दृश्य: कडेगाव, ताबुतांची बांधणी)

सांगली जिल्ह्यातलं कडेगाव. बांबू आणि सुतळीचे मोहरमचे हे उंच ताबूत अनेक मजल्यांचे असतात. यातल्या काहींचा मान हिंदू घराण्यांकडे आहे. ताबुतांच्या एकमेकांशी भेटीच्या दिवशी ते खांद्यावर उचलले जातात, आणि खरी कसोटी तिथे. खाली एका बाजूचं पाऊल वीतभर चुकलं की शेंडा हातभर झुकतो. त्यामुळे शेजारी कोण आहे यापेक्षा त्याचं पाऊल कधी पडतंय, याकडे लक्ष ठेवावं लागतं.

एरवी माणूस आधी 'आपला की त्यांचा' हेच बघतो. त्याला जुनं वैरही लागत नाही. इंग्लंडात ब्रिस्टलला मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी 1970 च्या सुमारास 14-15 वर्षांच्या मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवली. आवडीनुसार गट केले असं सांगितलं, पण वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. आपल्या गटात कोण आहे, हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्या गटाला थोडे कमी मिळोत, पण समोरच्या गटाहून जास्त मिळोत, असाही हिशेब अनेकांनी केला.

वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत 1980 पासून गणपती मशिदीत बसतो. आरतीला, प्रसादाला दोन्हीकडचे लोक असतात. बकरी ईद त्या दिवसांत आली, तर कुर्बानी टाळतात, फक्त नमाज होते.

याच जिल्ह्यात 2009 च्या गणेशोत्सवात मिरजेला स्वागत कमानीवरच्या अफजलखान वधाच्या चित्रावरून दंगल उसळली, संचारबंदी लागली. कमान एका मंडळाची असते, रस्ता सगळ्यांचा. आणि शांतता समितीची बैठक बहुतेक ठिकाणी अगदी सणाच्या तोंडावर होते. तोवर फ्लेक्स छापून झालेले असतात!

आशुरा पुन्हा गणपतीत येईल तो 2050 च्या आसपास. तेव्हा मिरवणुकांच्या वेळा ठरवायला बसणारी पोरं आज अंगणवाडीत आहेत. 2019 चा मेळ त्यांनी पाहिलेला नाही. कडेगावची पोरं तोवर कितीतरी वेळा ताबुताखाली उभी राहिलेली असतील.