पॅव्हिलियनपासून छत्रीपर्यंत : ब्रायटनची एक दिवसाची सहल

श्रोतेहो, मुलांकडे किंवा कामानिमित्त लंडनला जाणारी आपली बरीच मंडळी एखादा दिवस काढून ब्रायटनला जातात. आगगाडीने तासाभराचे अंतर, समुद्रकिनारा, आणि गावाच्या मध्यभागी घुमटमिनारांचा रॉयल पॅव्हिलियन हा राजवाडा. माझे आग्रहाचे सांगणे एवढेच की, राजवाडा पाहून झाल्यावर त्याच दिवशी गावाबाहेरच्या टेकडीवरील छत्रीपर्यंत, म्हणजे हिंदी सैनिकांच्या स्मारकापर्यंत, चालत जावे; त्यावाचून ही सहल अर्धीच राहते.

राजवाड्याचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या युवराजासाठी जॉन नॅश या वास्तुविशारदाने १८१५ पासून जुन्या वाड्याला आजचे रूप दिले : बाहेरून हिंदुस्थानी थाट आणि आत चिनी सजावट. व्हिक्टोरिया राणीचे तेथे मन रमले नाही, आणि १८५० मध्ये ब्रायटन नगराने तो ५३,००० पौंडांना विकत घेतला. हा व्यवहार ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या हकिकतीचे मर्म त्यातच आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी डिसेंबर १९१४ मध्ये या वाड्यात रुग्णालय सुरू झाले. संगीताच्या दालनात, नक्षीदार भिंतींच्या कडेने खाटांच्या रांगा लागल्या. ज्या मुदपाकखान्याचे लोखंडी खांब ताडाच्या झाडांसारखे घडवले आहेत, तेथे शस्त्रक्रिया होऊ लागल्या. जातिधर्मानुसार नऊ स्वयंपाकघरे होती, हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते. ही काळजी खरी होती, हे मी निःशंकपणे म्हणेन. पण त्याच सोयींची छायाचित्रे आणि पोस्टकार्डे काढून राजनिष्ठेचा प्रचारही झाला, आणि सम्राटाने स्वतःचा राजवाडा सैनिकांसाठी मोकळा केला असा समज रूढ झाला. वस्तुतः वाडा नगराच्या मालकीचा होऊन चौसष्ट वर्षे लोटली होती. सैनिकांची पत्रे तपासली जात, आणि हिंदी सैनिकांसाठीच्या, ब्रायटनमधल्याच किचनर रुग्णालयात तर बाहेर पडण्यावर कडक निर्बंध होते. आजच्या प्रेक्षकाने वाड्यातून फिरताना या दोन्ही बाजू एकदमच मनात ठेवाव्यात.

जे हिंदू आणि शीख सैनिक येथे दगावले, त्यांपैकी ५३ जणांना पॅचमजवळच्या साउथ डाउन्स या टेकड्यांच्या माळावर अग्नी देण्यात आला. तेथे स्मारक असावे ही कल्पना हिंदी वैद्यकीय सेवेतील लेफ्टनंट दासगुप्ता यांनी १९१५ मध्ये मांडली, आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाने केला, आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी युवराज एडवर्ड यांच्या हस्ते अनावरण झाले. मोटार तिथवर जात नाही. मेंढ्यांच्या कुरणांतून पाऊलवाटेने चढावे लागते, म्हणून पायांत चांगले बूट हवेत. पुण्यातल्या वानवडीची शिंदे छत्री डोळ्यांपुढे ठेवून गेलेल्याला हे बांधकाम फारच लहान वाटेल : पांढऱ्या संगमरवराचे आठ खांब, वर एक घुमट, बस्स. मात्र खाली पायऱ्यांजवळ ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या शिळा आहेत, त्यांच्यापाशी थांबावे. चिता रचण्यासाठी जे चौथरे बांधले होते, ते या शिळांखाली आहेत. दुसऱ्या महायुद्धात हा परिसर लष्करी सरावासाठी वापरला गेला आणि गोळ्यांनी संगमरवर छिन्न झाला. पुढे त्याची दुरुस्ती झाली.

छत्रीवर मृतांची नावे नव्हती. ती कोरलेला वेगळा शिलाफलक शेजारी उभा राहायला २०१० साल उजाडावे लागले, आणि हा विलंब मला आजही बोचतो. म्हणून माझी विनंती आहे की, ती नावे सावकाश वाचावीत. मुसलमान सैनिकांचे दफन वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळ, हॉर्सेल कॉमनवर झाले. तेथील अवशेष पुढे ब्रुकवुड दफनभूमीत हलवले गेले. वोकिंगही लंडनहून आगगाडीने जवळच आहे, तेव्हा त्यासाठी दुसरा एक दिवस जरूर काढावा.