मावशींची मोरी : गाडी पुसणाऱ्या टॉवेलांची गोष्ट

(काळ्या गाडीचं बोनेट. त्यावरून हळूहळू सरकणारा बॅटरीचा झोत.)

काळी गाडी उन्हात उभी करा आणि बोनेटवर सूर्याचं प्रतिबिंब जिथे पडतं तिथे नीट बघा. त्या झळाळीभोवती केसाहून बारीक रेषांचं जाळं दिसेल. डिटेलिंगची, म्हणजे गाडी बारकाईनं साफ करून चमकवायच्या कामातली पोरं त्याला स्वर्ल म्हणतात. रेषा गोलाकार वाटतात, पण खरं तर त्या सगळ्या दिशांना गेलेल्या असतात. उजेडाला आडव्या असतात तेवढ्याच चमकतात, म्हणून डोळ्यांना वर्तुळ दिसतं.

मालकाला वाटतं, गर्दीत कुणीतरी घासून गेलं असेल. बहुतेक वेळा तसं झालेलं नसतं. हे ओरखडे गाडी पुसताना पडलेले असतात. आणि ज्यानं पुसली, त्यानं अगदी मन लावून पुसलेली असते.

रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही कमी. पॉलिश केल्यावर ओरखडे जातात, कारण तो थरच किंचित घासून खाली आणलेला असतो. जेवढा घासला तेवढा कायमचा गेला. म्हणून या गोष्टीत पॉलिशच्या मशीनपेक्षा आम्हाला फडकं महत्त्वाचं वाटलं. आणि फडक्यापेक्षाही, ते धुणारे हात.

(भोसरी. पत्र्याची शेड. पुढे पांढरे दिवे, मागे मोरी.)

पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक भागातली ही एक शेड. पुढच्या बाजूला छताला दिव्यांच्या रांगा, त्याखाली गाड्या, पॉलिशिंग मशीनची घरघर. मागे एक मोरी, एक वॉशिंग मशीन, चार रंगांच्या चार बादल्या. इथे मावशी असतात. आधी घरोघरी धुणी-भांडी करायच्या. सहा वर्षांपासून दिवसाला पन्नास-साठ टॉवेल धुतात. मालकही त्यांना ‘मावशी’ आणि ‘तुम्ही’च म्हणतो. गाडीवर कुठला टॉवेल जायचा आणि कुठला नाही, यात शेवटचा शब्द त्यांचा.

हा निकाल कसा लावतात? टॉवेल हाताच्या मागच्या बाजूवरून फिरवतात. साबणाच्या पाण्यानं मावशींची कातडी कोरडी, भेगाळलेली आहे. चांगला टॉवेल तिथे अडकतो, कातडीला ओढल्यासारखा लागतो. अनेकांना तो स्पर्श किळसवाणा वाटतो. मावशींना तो हवा असतो. “धरतोय अजून,” म्हणतात आणि टॉवेल दोरीवर टाकतात.

‘धरतो’ म्हणजे काय, हे समजायला धाग्याच्या आत डोकवावं लागतं.

(सूक्ष्मदर्शकाखालचा धागा.)

हे टॉवेल मायक्रोफायबरचे. मायक्रोफायबर हा कापूस नाही. त्यात पॉलिएस्टर आणि नायलॉन हे दोन प्लास्टिक असतात. गाडीच्या टॉवेलात त्यांचं प्रमाण बहुधा ८०:२० किंवा ७०:३०. धाग्याचा बारीकपणा मोजतात डेनियरमध्ये. नऊ किलोमीटर धाग्याचं वजन एक ग्रॅम भरलं, तर तो एक डेनियरचा. मायक्रोफायबर याहून बारीक. भोसरीहून आळंदीच्या रस्त्यानं नऊ किलोमीटर चालत गेलात आणि वाटभर हा एकेरी धागा सोडत गेलात, तरी त्याचं वजन ग्रॅमभर होणार नाही.

असले अतिसूक्ष्म धागे प्रत्यक्ष वापरात आणण्याचं मोठं काम जपानमध्ये झालं. तोरे कंपनीतले मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये अशा धाग्यांपासून हरणाच्या कातड्यासारखं मऊ कापड तयार केलं. पुसायच्या फडक्यासाठी मात्र धागा फोडावा लागतो. दोन्ही प्लास्टिकं एकत्र ओढून एक धागा बनवतात. त्याचा आडवा छेद घेतला तर आत मोसंबीसारख्या फोडी दिसतात. नंतर रसायन आणि उष्णता देऊन त्या फोडी सुट्या करतात. प्रत्येक फोडीला धारदार कडा, आणि फोडींमध्ये सूक्ष्म फटी. पाणी या फटींत ओढलं जातं. पॉलिएस्टरला तेलाची ओढ, नायलॉनला पाण्याची. धूळही याच फटींत वर उचलली जाते, रंगावर फरफटत जात नाही. मावशींच्या भेगांत अडकतात त्या याच कडा.

फटी मोकळ्या असतील तोवर टॉवेल जिवंत. धुणं म्हणजे एवढंच, त्या फटी पुन्हा मोकळ्या करणं.

(बादल्या. एकेक टॉवेल उचलून टाकणारे हात.)

सकाळी साडेनऊ. पहिली गाडी कोकणातून आलेली, चाकांच्या वर लाल माती सुकलेली. पोरं आधी भरपूर पाणी मारतात, मग फेस, मग धुणं. टॉवेल येतो तो शेवटी, टिपायला. तरीही एका तासात मावशींपुढे चार ढीग पडतात.

निळे टॉवेल रंगाचे. पिवळे पॉलिश पुसायचे. राखाडी आतल्या भागाचे, म्हणजे डॅशबोर्ड आणि सीटचे. काळे चाकांचे आणि इंजिनाचे. हे रंग कधीही एकत्र येत नाहीत, बादलीतही नाही आणि मशीनमध्येही नाही. कारण चाकावर ब्रेकची धूळ असते, आणि ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण. असा एक कण निळ्या टॉवेलात गेला की पुढच्या बोनेटवर त्याची रेघ उमटणार.

पिवळ्या ढिगाची मावशींना जास्त काळजी. पॉलिशमध्ये जी पूड असते ती बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडची. आपल्याकडे धार लावायला आणि दळायला ज्याचा दगड वापरायचे तो कुरुंद म्हणजे हेच. माणिक घडतं तेही याच द्रव्याचं. हिऱ्याच्या खालोखाल कठीण. पॉलिश टॉवेलात सुकलं तर ही पूड तिथेच थापली जाते. म्हणून पिवळा टॉवेल हातातून सुटला की थेट बादलीत, कोमट पाण्यात, थोडा पातळ साबण घालून. “सुकू देऊ नको रे बाळा,” हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकू येतं.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगाच्या रक्षणासाठी वरून चढवायचा कडक थर, पुसलेला टॉवेल मात्र त्या धुवायलाच घेत नाहीत. कोटिंग धाग्यातच काचेसारखं कडक होतं आणि नंतर कशानंही निघत नाही. तो टॉवेल तिथेच संपला. नव्या पोरांना हे जिवावर येतं. टॉवेल वरून स्वच्छ दिसतो, मऊही लागतो, फेकायचा कशाला? मावशी वाद घालत नाहीत. कात्री घेऊन त्याचे दोन तुकडे करतात, म्हणजे चुकूनही परत घडीत जाणार नाही.

(मशीन सुरू होतं.)

या कामाला लागल्या तेव्हा मावशींनी एक चूक केली होती. ती त्यांनी स्वतःहून सांगितली. घरोघरी कपडे धुताना शेवटच्या पाण्यात मऊपणासाठी सुवासिक द्रव घालायची सवय. इथेही घातलं. टॉवेल रेशमासारखे झाले, शेडभर वास दरवळला. दुसऱ्या दिवशी त्या टॉवेलांनी काचेवरचं पाणी टिपेना. नुसतं पसरायला लागलं, मागे तेलकट पट्टे. कपडे मऊ करणारं द्रव धाग्यावर चरबीसारखा पातळ थर चढवतं. सुती साडीला तो चालतो. इथे मात्र त्यानं सगळ्या फटी लिंपून टाकल्या. ते चाळीस टॉवेल परत कामाला यायला चार वेळा कोमट पाण्यातून काढावे लागले. “माझ्याच हातानं झालं, म्हणून लक्षात राहिलं,” मावशी म्हणाल्या.

तेव्हापासून पातळ साबण, बिनवासाचा, तोही मापानं कमी. पावडर नाही. पावडरीत धुण्याचा सोडा असतो आणि भोसरीत उन्हाळ्यात पाणी अनेकदा टँकरचं किंवा बोअरचं. बोअरच्या पाण्यात क्षार. सोडा आणि क्षार एकत्र आले की पांढरट चुन्यासारखा थर धाग्यावर बसतो आणि टॉवेल पापडासारखा कडक होतो. तसं झालंच, तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. आंबटानं क्षार सुटतो, पितळेच्या भांड्याला चिंच लावल्यावर डाग निघतो तसा.

ब्लीच कधीच नाही. क्लोरीन नायलॉनला खातं. आणि ब्लीच व व्हिनेगर चुकूनही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि मोरीसारख्या बंद जागेत तो जीवावर बेतू शकतो.

पाणी किती गरम? हाताला सुखानं सोसेल इतकं, चाळीस अंशांच्या आसपास. आपल्याकडे मळकं कापड सोड्यात उकळायची जुनी रीत आहे, परटाच्या भट्टीची. सुती कापडाला ती लागू. पॉलिएस्टर वितळतं साधारण २५० अंशांना, पण सत्तर-ऐंशीच्या पुढेच ते नरम पडायला लागतं. उकळत्या पाण्यात त्या बारीक कडा वाकतात, लव गुंडाळली जाते. डोळ्यांना काही दिसत नाही, हाताला कळतं. इस्त्री तर नाहीच.

सुती काहीही मशीनमध्ये सोबत नको, पोरांचा एखादा बनियनसुद्धा नाही. सुताचे तंतू निघतात आणि मायक्रोफायबर ते पकडून ठेवतं, पकडणं हेच तर त्याचं काम. मशीन निम्मंच भरतात आणि एक पाणी जास्त काढतात. नवा टॉवेलही आधी धुवून मगच गाडीला, कारण त्यात सुटे धागे आणि जादा रंग असतो. काठाला कडक लेबल असेल तर मावशी ते उसवून काढतात. कात्रीनं कापलं तर मागे टोचणारं बोंड राहतं.

(दोऱ्या. पंख्याखाली हलणारे निळे टॉवेल.)

वाळवणं आम्हाला सगळ्यात सोपं वाटलं होतं. बाहेर कडक ऊन, वाराही आहे. पण शेडबाहेर दिवसभर ट्रक जातात आणि वळवाच्या आधी धुळीची वावटळ उठते. ओला टॉवेल ती धूळ बोलावून घेतो. शिवाय सततच्या उन्हानं नायलॉन कमकुवत होतं. म्हणून दोऱ्या आतल्या खोलीत, वर पंखा, खिडकीला बारीक जाळी. अंतर ठेवून टांगतात, एकावर एक कधीच नाही.

पावसाळ्यात खरी परीक्षा. जुलैत हवाच ओली. टॉवेल दोन दिवस दमट राहिला की कुबट वास धरतो, आणि मग तो घडीत गेला तर शेजारच्या चारांना लावतो. त्या दिवसांत मावशी मशीनमध्ये दोनदा पिळून काढतात आणि रात्रभर पंखा चालू ठेवायला लावतात. विजेच्या बिलावरून सुरुवातीला मालक कुरकुरला होता. एकदा ग्राहकाच्या नव्या गाडीत तो वास राहिला, त्यानंतर कुरकुरला नाही.

मशीनच्या गाळणीत रोज करडा कापूस जमतो. तो कापूस नसतो, प्लास्टिकचे तंतू असतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात २०१६ साली मोजलं होतं. सहा किलो पॉलिएस्टरच्या एका धुण्यातून सुमारे पाच लाख तंतू सुटू शकतात. पिंपरी-चिंचवडचं पाणी शेवटी पवना, इंद्रायणी आणि मुळा या नद्यांनाच जातं. इथली गाळणी मोरीत धूत नाहीत. तो लगदा हातानं काढून सुक्या कचऱ्यात टाकतात. गाळणीतून निसटणारे तंतू त्यानं थांबत नाहीत, हेही खरं. म्हणून गरजेपेक्षा जास्त वेळा धुणं आणि गरजेपेक्षा जास्त साबण, दोन्ही टाळलेलं बरं.

(पहाट. सोसायटीचं पार्किंग.)

भोसरीतून बाहेर पडल्यावर आम्ही एका सोसायटीत गेलो. सकाळी सहा. एक माणूस, एक बादली, एक फडकं, आणि पुसायच्या गाड्या वीस. पाचव्या गाडीला पाणी मातकट झालेलं असतं. वीस गाड्यांमागे त्याच्या हाती येतं तेवढ्यात दुसरी बादली आणि दहा टॉवेल कुठून आणणार? गाडी लाखांची असते, फडकं मात्र घरात उरलेलं. मालकानं आपल्या गाडीचे दोन टॉवेल स्वतःकडे ठेवले, स्वतः धुतले आणि सकाळी त्याच्या हाती दिले, तर खर्च काहीशे रुपयांचा. टॉवेल खाली पडला तर उचलून तोच पुन्हा फिरवू नको, दुसरा घे, एवढं मोकळेपणानं म्हणता आलं पाहिजे. आणि त्यासाठी दुसरा टॉवेल तिथे असला पाहिजे.

(पुन्हा शेड. संध्याकाळ. झाकणाचे चार डबे.)

संध्याकाळी सात. दोरीवरचे टॉवेल उतरतात. मावशी एकेक झटकतात, उजेडापुढे धरतात, काडी-कचरा चिमटीनं काढतात, मग हातावरून फिरवतात. निळे निळ्या डब्यात. झाकण लगेच बंद.

एक निळा टॉवेल हातावरून दोनदा फिरतो, मग तिसऱ्यांदा. वर्षभर तो बोनेटवर चालला. लव एका बाजूला दबली आहे, कातडीला धरत नाही. मावशी दोऱ्याची रिळं ठेवलेला डबा ओढतात आणि टॉवेलच्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचे चार टाके घालतात. निळ्या कापडावर काळी खूण.

पोरगा विचारतो, “मावशी, हा कुठे ठेवू?”

“चाकांच्यात,” त्या म्हणतात, आणि पुढचा टॉवेल उचलतात.