शास्त्रपाठ वाचताना

(मंडळीतील वाचकांसाठी घेतलेल्या वर्गातील व्याख्यान, संपादित)

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

उपासनेहून घरी गेल्यावर जेवताना पाळकसाहेबांच्या उपदेशावर बोलणे होते. शास्त्रपाठ, म्हणजे उपासनेत बायबलमधला उतारा मोठ्याने वाचणे, कसा झाला, हे सहसा कोणी काढत नाही. पण मंडळीतल्या कितीतरी माणसांची आठवडाभरात पवित्र शास्त्राशी गाठ पडते ती याच तीनचार मिनिटांत, आणि तीही कानांनी. तिथे गडबड झाली तर पुढचा उपदेश कितीही चांगला असो, ती तूट भरून निघत नाही. म्हणून वाचकाने पाठ आधी स्वतः समजून घ्यायचा आणि मगच पुलपिटाकडे, म्हणजे वाचनाच्या व्यासपीठाकडे, जायचे. मी या तयारीलाच भक्ती म्हणतो.

जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा ८ वा अध्याय काढा. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. ऐकणाऱ्यांना अर्थ कळेल असे ते वाचले गेले, हेही तिथे मुद्दाम लिहिले आहे. इ. स. १५० च्या सुमारास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या उपासनेचे वर्णन करतो, त्यातही आधी वाचन आणि मग उपदेश. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. साध्या बायाबापड्यांना ऐकून कळावे, हा ध्यास त्यामागे होता. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. एवढ्या खटपटीने आलेले वचन आपण दोन मिनिटांत भरभर म्हणून मोकळे होतो.

आता कामाचे बोलू. पाठ हातात आला की गुरुवारी तो एकदा मनात वाचा, एका अध्यायाने मागेपुढे जाऊन. कोण बोलतो, कोणाशी आणि कशासाठी, ही तीन उत्तरे मिळाली पाहिजेत. शुभवर्तमानात ‘तो त्याला म्हणाला’ अशी वाक्ये रांगेने येतात. यातला ‘तो’ येशू की परूशी (यहुदी धर्मपंथातला माणूस), हे वाचणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर ऐकणाऱ्याला कुठून कळणार? शुक्रवारी मोठ्याने वाचा. शनिवारी घरातल्या कोणाला तरी समोर बसवून ऐकवा आणि काय समजले ते विचारा. पाठाची झेरॉक्स काढून तिच्यावर पेन्सिलीने खुणा करा: थांबायचे तिथे उभी रेघ, वाक्यातल्या एकाच शब्दाखाली आडवी रेघ. दोन शब्दांखाली रेघ ओढलीत की जोर कशावरच राहत नाही. वेग मिनिटाला साधारण शंभर शब्द ठेवा. स्वतःला रटाळ वाटला, तर वेग बरोबर आहे असे समजा.

वचनांचे आकडे श्वास घेण्यासाठी दिलेले नाहीत. नव्या करारातली वचनांची आजची विभागणी रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये केली. इफिसकरांस पत्रात १:३ ते १४ हे मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे. दर आकड्याला थांबलात तर पौलाचा विचार चिंध्या होऊन लोकांपुढे पडतो. श्वास अर्थाप्रमाणे घ्यायचा, आकडे तर उच्चारायचेच नाहीत.

एक उतारा जवळून पाहू: १ राजे १९, होरेब डोंगरावर एलीया संदेष्टा. वारा सुटतो, पण परमेश्वर वाऱ्यात नसतो. भूकंप होतो, त्यातही नसतो. अग्नी, त्यातही नाही. हौशी वाचक भूकंपाला आवाज चढवतो, अग्नीला आणखी चढवतो, आणि शेवटी मंद वाणी येते तेव्हा ती वाऱ्याइतकीच मोठी निघते. इथे जोर तिन्ही वेळा ‘नव्हता’वर हवा. आवाज प्रत्येक वेळी थोडा खाली, आणि मंद वाणीनंतर मनात तीन मोजेपर्यंत थांबणे. नाटकीपणा नको, पण सपाट वाचनही नको. मला विचाराल तर सपाट वाचनाने जास्त नुकसान होते, कारण त्यातून ‘हे मला लागू नाही’ असा सूर निघतो.

नावांची सगळ्यांना धास्ती. मलकीसदेक, नबुखद्नेस्सर ही तोडून, हळू म्हणून पाठ करा. उच्चार चुकलाच तर थांबून माफी मागू नका, ठामपणे पुढे जा. मत्तय १ मधल्या वंशावळीचे तीन टप्पे ग्रंथकारानेच सांगितले आहेत: अब्राहाम ते दावीद, दावीद ते बाबेलचा बंदिवास, तिथून ख्रिस्त. या जोडांवर थांबा. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको आली की वेग कमी करा. वडीलमुलांच्या त्या रांगेत या बाया उगाच आलेल्या नाहीत. योहान २० मध्ये कबरेपाशी मरीया येशूला ‘रब्बूनी’ म्हणते, आणि त्यापुढे कंसात ‘गुरुजी’ असा अर्थ येतो. तो खालच्या आवाजात वाचायचा, नाहीतर मरीयाच कबरेपाशी शब्दार्थ सांगते आहे असे वाटते.

माइक तोंडापासून वीतभर लांब आणि हनुवटीच्या पातळीवर ठेवा. अगदी तोंडासमोर धरला की ‘प’ आणि ‘भ’ला फटके बसतात. टिचक्या मारून तो तपासू नका, ते काम उपासनेआधी उरकायचे. मोबाइलवरून वाचणे मी टाळायला सांगतो, कारण ऐन शुभवर्तमानात कोणाचा तरी ‘गुड मॉर्निंग’ पडद्यावर येतो. पुस्तक, अध्याय, वचने दोनदा सांगा आणि पाने उलटण्याची सळसळ थांबेपर्यंत थांबा. सुरुवातीला चार वाक्यांचा स्वतःचा उपदेश नको आणि शेवटी ‘धन्यवाद’ही नको.

आता वाचकांच्या यादीविषयी. ती दोन आठवडे आधी फलकावर लावा. तरुण संघातल्या नव्या मुलाला पहिल्याच रविवारी रोमकरांस पत्र देऊ नका, स्तोत्र २३ किंवा १२१ द्या. वडीलधाऱ्यांना मान म्हणून पाठ देता, तर मोठ्या टाइपातली प्रतही द्या. तब्येत बिघडल्याचा निरोप बहुधा शनिवारी रात्री येतो, म्हणून प्रत्येक पाठापुढे बदली वाचकाचे नाव यादीतच असू द्या, आणि त्यानेही गुरुवारीच तयारीला लागावे.